नवे इंधन, जुनी इंजिने

पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली, म्हणजे मूळ ठरविलेल्या २०३० या मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. सरकारी योजना मुदतीच्या आधी पुऱ्या होण्याचे प्रसंग आपल्याकडे विरळाच. तेव्हा या कामगिरीबद्दल सरकारला समाधान वाटत असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु इंधन बदलले म्हणून रस्त्यावरची वाहने एका रात्रीत बदलत नाहीत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेली मोटारसायकल, वडिलांच्या वेळची स्कूटर, जपून ठेवलेली फियाट किंवा मारुती आजही आमच्या गोमंतकातील वाड्यावाड्यांतून धावते आहे. तिच्या टाकीत आज जे पडते ते तिच्या निर्मात्याने कधी गृहीत धरलेले नव्हते. या वाहनांचे आणि त्यांच्यावर पोट भरणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न धोरणाच्या जयजयकारात बाजूला पडला आहे. त्याचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथमच सांगून टाकू की आम्ही इथेनॉलचे विरोधक नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. आखातात बंदूक वाजली की आपल्या स्वयंपाकघरातील डाळ महागते, हा अनुभव १९७३ पासून आपण घेत आलो आहोत. २०१४-१५ पासून इथेनॉलमुळे सुमारे १.४४ लाख कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ साली सांगितले. हा पैसा देशातल्या देशात, बऱ्याच अंशी शेतकऱ्याकडे गेला. आमच्या शेजारच्या कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतील ऊसपट्ट्याला त्याचा आधार मिळाला. गोव्याच्या वाट्याला मात्र यातले फारसे काही आलेले नाही. धारबांदोड्याच्या आमच्या एकुलत्या एका संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून थांबले, आणि तेथे इथेनॉल प्रकल्प उभारण्याच्या गोष्टी सांगे-सत्तरीचा ऊस उत्पादक वर्षानुवर्षे ऐकत आला. इथेनॉलचा लाभ शेजारी आणि इथेनॉलची झळ आपल्या दारी, अशी काहीशी आपली अवस्था आहे. तरीही राष्ट्रीय हिताच्या धोरणाकडे केवळ प्रांतिक चष्म्यातून पाहणे योग्य नव्हे.

वेग कोणाचा, वय कोणाचे

पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, इंधन म्हणून वापरावयाच्या मद्यार्कासंबंधी कायदा झाला होता. पुढे जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना लागू झाली आणि त्या नऊ राज्यांत गोव्याचे नाव होते. प्रत्यक्षात दहा वर्षांनंतरही, २०१३-१४ साली, देशभरातील मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच घुटमळत होते. त्यानंतर मात्र गाडीने असा वेग घेतला की जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा ओलांडला गेला, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि पुढील दोन-अडीच वर्षांत ते देशभर पोहोचले.

दहावरून वीस टक्क्यांपर्यंतचा हा प्रवास तीन वर्षांचा. उलट सामान्य कुटुंबातील दुचाकीचे आयुष्य पंधरा वर्षांहून कमी धरता येत नाही. वीस टक्के मिश्रण सहन करतील अशा रबराच्या व धातूच्या भागांनी युक्त वाहने एप्रिल २०२३ पासून बाजारात आली. त्या मिश्रणासाठी जुळविलेली इंजिने एप्रिल २०२५ पासून. म्हणजे २०२२ साली कर्ज काढून घेतलेली, जिचे हप्ते कदाचित अजून संपलेले नाहीत अशी गाडीदेखील या हिशेबाने 'जुनी' ठरते. मग चेतक, यझदी, राजदूत किंवा पद्मिनी यांची कथा ती काय!

इथेनॉलचा स्वभाव

या तक्रारी समजून घ्यावयाच्या तर इथेनॉलचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे. त्याचे गुण मोठे आहेत. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा, त्यामुळे इंजिनाचे नॉकिंग कमी होते. त्याच्या रेणूत वजनाने जवळजवळ ३५ टक्के प्राणवायू असतो, त्यामुळे ज्वलन अधिक पुरे होऊन विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी बाहेर पडतो. पण त्याच प्राणवायूमुळे त्यात उष्णता कमी. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणाचा गणिती हिशेब केला तर प्रत्येक लिटरमागे ऊर्जेत सहा-सात टक्क्यांची तूट येते. वरच्या ऑक्टेनचा फायदा घेईल असे नवे इंजिन ही तूट काही अंशी भरून काढते. जुन्या इंजिनाला ते साधत नाही.

हे आमचे म्हणणे नव्हे. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातच नमूद आहे की, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकीत इंधनाची कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी आणि तशाच दुचाकीत तीन ते चार टक्क्यांनी घटेल.

दुसरी गोष्ट हवेच्या प्रमाणाची. एक किलो पेट्रोल नीट जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला नऊ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाड्यांत इंजेक्शनची यंत्रणा धुराड्यातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण आपसूक वाढविते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा हे प्रदूषणविषयक निकष लागू होईपर्यंत आपल्या बहुसंख्य दुचाकींना कार्ब्युरेटर होता, आणि कार्ब्युरेटर हे बिचारे आंधळे यंत्र. त्याच्या जेटचे भोक जेवढे तेवढेच इंधन ते सोडणार. परिणामी इंजिनाला मिळणारे मिश्रण गरजेपेक्षा पातळ होते. गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, चढणीवर दम टाकते, अॅक्सिलरेटर दिल्यावर क्षणभर अडखळते. पूर्वी मुळातच जास्त पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाला हा उपवास मानवतोही. पण आधीच काटकसरीने जुळविलेले इंजिन अशाने तापते.

तिसरी गोष्ट विरघळविण्याच्या शक्तीची. इथेनॉल हे जबर विद्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला मळ, राळ आणि गंजाची भुकटी ते सोडविते आणि ती सारी घाण फिल्टरमध्ये व जेटमध्ये जाऊन बसते. पूर्वीच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधील डायफ्रॅम, बुचाच्या गॅस्केट यांना ते फुगविते. वाळल्यावर त्यांना भेगा पडतात. भेग पडलेल्या नळीतून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकू लागले तर प्रश्न मायलेजचा राहत नाही, जिवाचा होतो. जस्त, अॅल्युमिनियम व पितळ या धातूंवर, त्यातही पाण्याचा अंश असेल तर, गंज चढतो. जुन्या कार्ब्युरेटरचे अंग बहुधा जस्त-अॅल्युमिनियमच्याच मिश्र धातूचे असते, हे येथे लक्षात घ्यावे.

पाऊस, खारी हवा आणि टाकी

चौथी गोष्ट पाण्याची, आणि तीच आम्हा कोकण-गोव्याच्या लोकांना सर्वांत जवळची. पेट्रोल आणि पाणी यांचे कधीच जमत नाही. टाकीत थेंबभर पाणी गेले तर ते तळाशी बसून राहते. इथेनॉल मात्र पाण्याला आपल्यात सामावून घेते. थोड्या पाण्यापुरते हे सोयीचेच. परंतु त्यालाही मर्यादा आहे. दहा टक्क्यांच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मावते, वीस टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून अधिक. ही मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते आणि टाकीत दोन थर होतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळातून निघते. म्हणजे इंजिनाला प्रथम मिळते ते पाणी आणि मद्यार्क!

नुसत्या दमट हवेने हे चार-आठ दिवसांत घडत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण ज्या स्कूटरच्या टाकीच्या झाकणाचे वॉशर झिजले आहे, जी चार महिने मृगापासून हस्तापर्यंत गळक्या पडवीत उभी आहे, जिचा मालक आखातात किंवा बोटीवर नोकरीला असून वर्षातून एकदा घरी येतो, तिच्या टाकीत काय होत असेल याची कल्पना करावी. पाच लिटरच्या टाकीत अर्धा टक्का म्हणजे अवघे पंचवीस मिलिलिटर पाणी, चहाच्या लहान कपाच्या निम्मेदेखील नाही.

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे संकट आणखी निराळे. त्यांच्या पेट्रोलातच ऑइल मिसळून घ्यावे लागते. पिस्टनला वंगण मिळते ते त्यातूनच. थर वेगळे झाले तर हे ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि खालच्या पाणीमिश्रित मद्यार्कावर चालणारे इंजिन वंगणावाचून कोरडे फिरते. पिस्टन जॅम होण्यास मग वेळ लागत नाही. होडीला मागे बसविलेल्या आऊटबोर्ड यंत्रात पेट्रोल वापरणाऱ्या आमच्या रापणकार व मच्छीमार बांधवांनाही हाच धोका संभवतो. पाणी तर त्यांच्या चहूबाजूंना.

भय किती, वास्तव किती

२०२५ च्या पावसाळ्यात या प्रश्नावर देशभर गदारोळ झाला तेव्हा अफवांनाही पूर आला. इंजिने फुटतील, विमा रद्द होईल, असेही सांगितले गेले. मंत्रालयाने त्याच ऑगस्टमध्ये खुलासा केला की विमा बाधित होत नाही. दहा टक्क्यांसाठी रचलेल्या व वीस टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकीत कार्यक्षमतेची घट एक ते दोन टक्के आणि इतर वाहनांत तीन ते सहा टक्के. आणि काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, ते काम स्वस्त आहे. हा खुलासा बव्हंशी रास्त मानला पाहिजे. जुनी वाहने रस्त्यात बंद पडून ढीग लागले आहेत असे चित्र खचित नाही. इथेनॉलने होणारी हानी भूकंपासारखी नसते, वाळवीसारखी असते. ती सावकाश होते, आणि वेळीच लक्ष दिले तर रोखताही येते.

पण या खुलाशातच सरकारची कबुली दडलेली आहे. मायलेज घटते हे मान्य, भाग बदलावे लागतात हेही मान्य. मग त्याचा खर्च कोणी सोसावा? पणजीच्या, म्हापशाच्या, मडगावच्या नाक्यावर उभा असलेला मोटारसायकल पायलट घ्या. तो दिवसाला दोन लिटर पेट्रोल जाळतो असे धरले तर तीन-चार टक्के म्हणजे रोज साठ ते ऐंशी मिलिलिटर, महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांच्या दिवसांत दीड-दोन लिटर. शे-दोनशे रुपयांचा हा फटका मोटारीतून फिरणाऱ्याला कळणारही नाही. पायलटाच्या घरी तो एका दिवसाचा बाजार असतो. त्यात नळी, फिल्टर, कार्ब्युरेटरची सफाई आणि गराजमध्ये गाडी अडकली त्या दिवसाची बुडालेली कमाई मिळवा. पहाटे बंदरावरून मासळीची टोपली घेऊन गावोगाव फिरणारा, शाळा-बँकेतून निवृत्त होऊन जुन्या स्कूटरवर देवळात व बाजारात जाणारा, अशा सगळ्यांचा हाच हिशेब. नवी गाडी घेण्याची ऐपत असती तर यांनी ती केव्हाच घेतली असती.

इंधन स्वस्त झाले असते तर एक वेळ समाधान मानता आले असते. तेही नाही. इथेनॉल खरेदीचा सरासरी दर शुद्ध पेट्रोलच्या खर्चाहून वर गेल्याचे मंत्रालयानेच २०२५ साली सांगितले. वस्तुतः नीती आयोगाने २०२१ च्याच अहवालात सुचविले होते की कार्यक्षमतेतील घटीची भरपाई म्हणून ग्राहकाला मिश्रित इंधनावर करसवलत देण्याचा विचार व्हावा. मिश्रणाचे वेळापत्रक अहवालातून उचलले गेले, सवलतीचे पान मात्र उलटले गेले. सोयीचे तेवढे वेचावे आणि बाकीचे सोडावे, ही रीत सरकारला शोभणारी नाही.

इतरांनी काय केले

या बाबतीत ब्राझीलचा दाखला वारंवार दिला जातो. तो अवश्य द्यावा, पण पुरता द्यावा. त्या देशाने १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ साली आपला मद्यार्क कार्यक्रम सुरू केला आणि २००३ साली कोणतेही प्रमाण चालणारी 'फ्लेक्स' वाहने रस्त्यावर आणली. तेथे आज पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल आहे हे खरे. परंतु तिथे पोहोचण्यास पन्नास वर्षे लागली. आपण तीन वर्षांत दुप्पट केले. अमेरिकेत पंधरा टक्के मिश्रणाला परवानगी देताना २००१ पूर्वीच्या मोटारी, सर्व मोटारसायकली आणि बोटींची इंजिने त्यातून स्पष्ट वगळण्यात आली आणि तशी पाटी पंपावर लावणे बंधनकारक झाले. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के मिश्रण आणले तेव्हा जुन्या वाहनांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल, थोड्या चढ्या दराने का होईना, उपलब्ध ठेवले.

आपल्याकडे असा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. पण न्यायालयाने दार बंद केले म्हणून राज्यकर्त्यांची जबाबदारी संपत नाही. धोरणे आखणे आणि ती माणुसकीने राबविणे हे काम शेवटी त्यांचेच.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पंपावर, नळाजवळ, इथेनॉलचे प्रमाण मराठीतून व कोकणीतून ठळक लिहिलेले असावे. गिऱ्हाईकाला आपण काय विकत घेतो हे कळण्याचा हक्क आहे. जुन्या वाहनांसाठी निदान प्रत्येक तालुक्यात एका पंपावर कमी प्रमाणाचे पेट्रोल ठेवणे शक्य आहे का, याचा तेल कंपन्यांनी प्रामाणिकपणे विचार करावा. वाहन कंपन्यांनी आपल्या जुन्या नमुन्यांसाठी बदली नळ्या, डायफ्रॅम आणि जेट यांचे संच वाजवी किमतीत पुरवावेत. पावसाळ्यात पंपांच्या भूमिगत टाक्यांतील पाण्याची तपासणी कडक व्हावी. आणि नीती आयोगाची करसवलतीची शिफारस दप्तराबाहेर काढावी. ते जमत नसेल तर निदान पायलट व टॅक्सीवाले यांच्यापुरता तरी राज्य सरकारने काही दिलासा द्यावा.

मालकांनीही स्वस्थ बसून चालणार नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे. टाकीच्या झाकणाचे वॉशर मृगापूर्वी बदलावे. जुनी गंजलेली टाकी एकदा नीट धुऊन घ्यावी आणि त्यानंतर काही दिवसांनी फिल्टर पुन्हा पाहावा. पेट्रोलची नळी बोटांनी दाबून पाहावी. ती लिबलिबीत किंवा कडक लागली तर इथेनॉल सोसणारी नळी बसवावी. गाडी अडखळत असेल तर जाणत्या मेकॅनिककडून मोठ्या नंबरचा जेट लावून घ्यावा. टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑइल मिसळण्यात हयगय करू नये आणि फार दिवसांचे मिश्रण वापरू नये. ही काळजी थोड्या पैशांत होते. इंजिन उघडावे लागले तर तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीएवढा होऊन बसतो.

देशाचे परकीय चलन वाचावे, ऊस आणि मका पिकविणाऱ्याला चार पैसे अधिक मिळावेत, हवा निर्मळ राहावी, यांवर दुमत असण्याचे कारण नाही. पण राष्ट्रीय बचतीचा हिशेब लाख कोटींत मांडला जात असताना, त्या बचतीचा एक वाटा नाक्यावरच्या पायलटाच्या खिशातून गेला आहे, हे वहीत कोठेतरी लिहिलेले असावे. तो वाटा त्याला परत करण्याची बुद्धी सरकारला होवो. तोवर आमच्या वाचकांनी आपल्या नळ्या आणि झाकणे तपासावीत. रोहिणी सरल्या की पावसाला वेळ लागत नाही.